पहिलाच गुन्हा, 19 वर्षांचा पोरगा आणि 640 ग्रॅम गांजा: शिक्षा नेमकी किती होते?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. भाचा 19 वर्षांचा, पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. हॉस्टेलच्या मागच्या गल्लीत पोलिसांनी पकडला, सॅकमध्ये 640 ग्रॅम गांजा, त्यातल्या 22 पुड्या बांधून तयार, खिशात 4300 रुपये, मोबाईल जप्त. आधीचा एकही गुन्हा नाही. दोन दिवस पीसीआर (पोलीस कोठडी), मग जामीन, आता चार्जशीट आलंय. एकाने तुम्हाला सांगितलं की पहिला गुन्हा आहे, वय कमी आहे, प्रोबेशनवर, म्हणजे जेलऐवजी चांगल्या वागणुकीच्या बॉन्डवर, सोडतील. दुसऱ्याने सांगितलं की गुन्हा कबूल करा, दंड भरा, एका तारखेत मोकळे व्हा. आणि तुम्ही मामा म्हणून विचारताय की यातलं खरं कुठलं, पोरगं जेलमध्ये जाणार का.

मी 22 वर्षं फौजदारी वकिली करतोय, त्यातली बरीचशी एनडीपीएसच्या, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या, केसेसमध्ये गेली. पहिला सल्ला कायद्यात बसत नाही आणि दुसरा घाईचा आहे. पण तुम्ही रात्रभर जागं राहावं अशीही परिस्थिती नाहीये, ते आधी सांगतो मग सविस्तर बोलू.

एनडीपीएस कायदा 1985 चा आहे आणि त्यात शिक्षा ठरते ती सगळ्यात आधी वजनावर. लोकांना वाटतं की विकलं तर जास्त शिक्षा, जवळ बाळगलं तर कमी, तसं नाहीये. कलम 20 मध्ये बाळगणं, विकणं, विकत घेणं, वाहतूक करणं सगळं एकाच ओळीत आहे. फरक पडतो तो क्वांटिटीने. गांज्याला 1 किलोच्या आत स्मॉल क्वांटिटी, 20 किलोच्या वर कमर्शियल, आणि मधलं सगळं मधलं. स्मॉलला जास्तीत जास्त 1 वर्ष सक्तमजुरी किंवा 10 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मधल्याला 10 वर्षांपर्यंत आणि 1 लाखापर्यंत दंड. कमर्शियलला कमीत कमी 10 वर्षं, तिथे जजसाहेबांचेही हात बांधलेले. म्हणजे तुमच्या भाच्याच्या केसमध्ये वरची मर्यादा 1 वर्ष, आणि खालची मर्यादा कायद्याने ठेवलेलीच नाही, नुसत्या दंडावरही कोर्ट सोडू शकतं. हे नीट डोक्यात ठेवा कारण पुढचं सगळं याच्यावर आहे.

(हाच पोरगा गांज्याऐवजी एमडी घेऊन सापडला असता तर चित्र पार वेगळं झालं असतं. मेफेड्रोनची (एमडीची) स्मॉल क्वांटिटी फक्त 2 ग्रॅम आणि 50 ग्रॅमच्या वर कमर्शियल, आणि 2020 च्या हिरा सिंग निकालानंतर त्यात मिसळलेली पावडर पण वजनात धरतात. कॉलेजच्या पोरांना हे माहीतच नसतं, त्यांना वाटतं सगळं एकच.)

वजनाचं किती महत्त्व आहे ते एका केसवरून सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक पोरगा होता, पंचनाम्यात वजन 1 किलो 60 ग्रॅम. 60 ग्रॅममुळे 1 वर्षाची केस 10 वर्षांची झाली होती आणि मॅजिस्ट्रेटकडून उठून स्पेशल कोर्टात गेली होती. पंचनामा मी चार वेळा वाचला तेव्हा दिसलं की वजन 'कापडी पिशवीसह' केलंय, काटा शेजारच्या किराणा दुकानातून आणलेला. नंतर कलम 52-अ खाली मॅजिस्ट्रेटसमोर मुद्देमाल उघडला तेव्हा आतली प्लास्टिकची पिशवी, सुतळी, सगळं बाजूला काढून काट्यावर आकडा आला 930. त्यातही काड्या आणि बिया होत्याच. कायद्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा, शेंड्याशिवाय नुसती पानं आणि बिया असतील तर ते त्या व्याख्येत येत नाहीत. त्या एका कागदाने पोराच्या डोक्यावरची 10 वर्षं 1 वर्षावर आली. तुमच्याकडे 640 आहे म्हणजे कॅटेगरीचा वाद नाही, तरी पंचनाम्यातलं वजन, 52-अ चं वजन आणि लॅबला गेलेल्या सॅम्पलचं वजन हे तिन्ही आकडे एका कागदावर शेजारी शेजारी लिहून वकिलाला दाखवा. जुळत नसतील तर तो मुद्दा आहे. झडतीच्या कलम 50 चं तुम्हाला कोणी फार मोठं करून सांगेल, पण ते अंगझडतीला लागतं, माल सॅकमध्ये सापडला असेल तर त्या मुद्द्यावर फार अवलंबून राहू नका.

आता प्रोबेशन.

प्रोबेशनचा केंद्रीय कायदा 1958 चा, आणि त्याचं कलम 6 मला आपल्या फौजदारी कायद्यातलं सगळ्यात शहाणं कलम वाटतं. 21 वर्षांखालच्या आरोपीला जन्मठेपेपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात शक्यतो जेलमध्ये पाठवूच नका, पाठवायचं असेल तर का पाठवताय ती कारणं लिहा, असं ते कोर्टाला सांगतं. 20 वर्षांच्या पोराने घरफोडी केली तरी त्याचा वकील या कलमाखाली उभा राहू शकतो. पण एनडीपीएसच्या कलम 33 ने हा दरवाजा बंद केलाय. 18 पूर्ण झाले असतील तर ना 1958 चा कायदा लागतो, ना जुन्या सीआरपीसीचं (फौजदारी प्रक्रिया संहितेचं) 360, ज्याच्या जागी आता नव्या संहितेचं, बीएनएसएसचं, 401 आलंय. अपवाद दोनच, आरोपी 18 च्या आतला असेल किंवा शिक्षा कलम 26 किंवा 27 खाली झाली असेल. 27 म्हणजे स्वतः सेवन करणं. तुमच्या भाच्यावर 20 आहे. त्यामुळे प्रोबेशनचा अर्ज टाकला तरी मॅजिस्ट्रेटसाहेबांना इच्छा असून देता येणार नाही.

मला याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही. 20 किलोवाल्याला प्रोबेशन नको हे समजतं. पण 200 ग्रॅम गांजा मित्रांना विकणारा 19 वर्षांचा पोरगा, ज्याला शिक्षाच जास्तीत जास्त 1 वर्ष आहे, त्याला सुधारायची संधी देऊन गुन्ह्याचा डाग पुसायची सोय नाही, आणि त्याहून कितीतरी मोठी शिक्षा असलेल्या चोरीतल्या पोराला ती आहे, हे मला 22 वर्षांत कोणी पटवून देऊ शकलेलं नाही. स्मॉल क्वांटिटी आणि 21 च्या आतलं वय एवढ्या दोन अटींवर कलम 33 मध्ये अपवाद घालायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. पण आज कायदा तसा नाही आणि तुमच्या भाच्याची केस आजच्या कायद्यावर चालणार आहे.

एक खिडकी मात्र उघडी आहे, कलम 39. आरोपी व्यसनी असेल आणि शिक्षा 27 खाली किंवा स्मॉल क्वांटिटीसाठी होत असेल, तर कोर्ट त्याचं वय, चारित्र्य, आधीचा इतिहास, तब्येत बघून लगेच शिक्षा न देता, त्याच्या संमतीने, सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचारासाठी सोडू शकतं. एक वर्षाच्या आत उपचाराचा रिपोर्ट घेऊन यायचं, तो ठीक असेल तर समज देऊन आणि तीन वर्षांपर्यंतचा बॉन्ड घेऊन सोडतात. कलम 64-अ तर आणखी पुढे जातं, व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला गेला आणि उपचार पूर्ण केले तर स्मॉल क्वांटिटीच्या खटल्यापासूनच त्याला संरक्षण मिळू शकतं, उपचार अर्धवट सोडले की ते संरक्षण जातं. माझ्या अनुभवात ही दोन कलमं जितकी वापरली जायला हवीत त्याच्या पाव पण वापरली जात नाहीत.

पण इथे मी तुम्हाला हात जोडून सांगतो, पोरगा खरंच व्यसनात असेल तरच या वाटेला जा. कायद्यात व्यसनी म्हणजे ज्याला त्या पदार्थाचं अवलंबित्व आहे तो, शनिवारी मित्रांसोबत ओढणारा नाही. केस सोपी व्हावी म्हणून पोराला व्यसनी ठरवून घेणारे पालक मी पाहिलेत, तो कागद मग आयुष्यभर फाईलमध्ये राहतो आणि पोरगा खोटं बोलायला शिकतो ते वेगळंच. आणि उलटंही पाहिलंय, पोरगा रोज चार वेळा ओढतोय, विकतोय तेच मुळी स्वतःच्या मालाचे पैसे सुटावेत म्हणून, आणि आई म्हणतेय आमचा तसला नाही हो. अशा पोराला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेणं हे केसच्या आधीचं काम आहे. पुण्यात मुक्तांगणसारखी संस्था 1986 पासून हे काम करतेय, लाज वाटून घ्यायचं कारण नाही. फक्त कलम 39 साठी जाणार असाल तर केंद्र सरकारी किंवा सरकारमान्य आहे याची लेखी खात्री आधी करा.

गुन्हा कबूल करायच्या सल्ल्याबद्दल. 1 वर्षाच्या आतली शिक्षा असल्यामुळे तुमची केस मॅजिस्ट्रेटकडे चालेल, संक्षिप्त पद्धतीनेही चालू शकते. अशा केसमध्ये पहिल्या तारखेला कबूल केलं तर बऱ्याचदा दंड आणि 'कोर्ट उठेपर्यंत' शिक्षा एवढ्यावर भागतं, म्हणजे संध्याकाळपर्यंत कोर्टाच्या बाकावर बसायचं आणि घरी जायचं. ऐकायला किती सोपं वाटतं. पण ती शिक्षाच आहे, ती दोषसिद्धी म्हणून नोंदली जाते. चारित्र्य पडताळणीत येते, सरकारी नोकरीच्या फॉर्मवर लिहावी लागते, परदेशी व्हिसाच्या फॉर्ममध्ये ड्रग्जच्या शिक्षेचा वेगळा प्रश्न असतो आणि अमेरिकेसारखे देश त्याला फार कडक आहेत. शिवाय कलम 31 प्रमाणे पुढे कधी पुन्हा सापडला तर वरची मर्यादा दीडपट होते. 19 व्या वर्षी एका दुपारी घेतलेला निर्णय 29 व्या वर्षी नडतो. कबुली कधीच देऊ नका असं मी म्हणत नाही. पुरावा भक्कम असेल, पोराने केलंय हे त्याने वकिलासमोर मान्य केलं असेल, तर कबुली हा पश्चात्तापाचा सगळ्यात प्रामाणिक पुरावा असतो आणि कोर्ट त्याची किंमत करतं. पण ती सीए रिपोर्ट (लॅबचा रासायनिक तपासणीचा अहवाल) वाचून, पंचनामा वाचून आणि खाली सांगतोय ती फाईल तयार करून द्यायची. पहिल्या तारखेला व्हरांड्यात पाच मिनिटांत ठरवायची नाही.

मोबाईलचा विषय नाजूक आहे. त्यात चॅट असतील, जीपे-फोनपेच्या 300, 500 च्या एन्ट्र्या असतील. त्यातून तीन गोष्टी निघू शकतात. एक, कोणाकोणाला विकलं, आणि त्यातलं कोणी 18 च्या आतलं आहे का. अकरावी-बारावीचं एक पोरगं जरी त्यात असेल तर बाल न्याय कायद्याचं कलम 77 लागू शकतं, तिथे 7 वर्षांपर्यंत शिक्षा आणि 1 लाखापर्यंत दंड आहे, एनडीपीएसच्या 1 वर्षापेक्षा ते कितीतरी जड. ही गोष्ट भाच्याला आजच एकांतात विचारा आणि खरं उत्तर वकिलापर्यंत जाऊ द्या. दोन, वरचा माणूस कोण, त्याच्यासोबत कटात घेऊन कलम 29 लावलंय का, कारण मग त्याच्याकडचा मोठा माल तुमच्या पोराच्या गळ्यात येऊ शकतो. तीन, पैशाच्या एन्ट्र्या बघून कलम 27-अ, म्हणजे अवैध व्यापाराला पैसा पुरवणं, लावलंय का. ते लावलं तर 10 वर्षांच्या वरची भाषा सुरू होते आणि जामिनाला कडक अटींचं कलम 37 आडवं येतं. मुंबई हायकोर्टाने 2020 मध्ये रिया चक्रवर्तीच्या जामिनाच्या निकालात सांगितलंय की कोणाच्या वैयक्तिक सेवनासाठी पैसे देणं म्हणजे अवैध व्यापाराला पैसा पुरवणं होत नाही, वकिलाला तो निकाल माहीत असेलच. (त्याच निकालात असंही म्हटलंय की एनडीपीएसचे सगळे गुन्हे अजामीनपात्र, स्मॉल क्वांटिटी सुद्धा. म्हणून तुमच्या पोराला जामीन पोलीस स्टेशनमधून न मिळता कोर्टातून घ्यावा लागला.) आणि काहीही झालं तरी क्लाउडवरचे चॅट, बॅकअप डिलीट करायला कोणी सांगितलं तर ऐकू नका, तो स्वतंत्र गुन्हा होतो आणि जजसमोर पोराची पत जाते.

कोठडीत त्याने पोलिसांसमोर काय काय सांगितलं याची फार धास्ती घेऊ नका, पोलिसांसमोरचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, एनडीपीएसमध्ये अधिकाऱ्यांपुढच्या कलम 67 च्या जबाबाबद्दलही सुप्रीम कोर्टाने 2020 च्या तोफान सिंग निकालात हेच सांगितलंय.

आता मूळ मुद्दा. 0 ते 1 वर्ष एवढ्या पट्ट्यात तुमचा पोरगा कुठे पडणार हे कशावर ठरतं? इंग्लंडमध्ये जजला तक्ते दिलेले असतात, भूमिका छोटी की मोठी, वय, पहिला गुन्हा, सगळ्याचे कप्पे. आपल्याकडे असं काही नाही. आपल्याकडे जजसमोर जे कागद आणि जी माणसं येतात त्यावर ठरतं, आणि बहुतेक केसेसमध्ये आरोपीकडून काहीच येत नाही. वकील उभा राहतो, म्हणतो 'तरुण आहे, पहिला गुन्हा आहे, आईवडील म्हातारे आहेत, दया दाखवावी', ही वाक्यं जजसाहेब दिवसातून दहा वेळा ऐकतात. जामीन ते निकाल यामधला जो वेळ आहे, कधी 8 महिने, कधी दोन वर्षं, तो काळ म्हणजेच तुमच्या हातातली एकमेव गोष्ट. त्या काळात पोराने काय केलं हे कागदावर दिसलं पाहिजे.

एक प्रसंग सांगतो. 20 वर्षांचा पोरगा, मधल्या क्वांटिटीची केस, 2 किलोच्या थोडं वर, म्हणजे 10 वर्षांपर्यंत टांगती तलवार. जामीन व्हायच्या आधी 7 महिने येरवड्यात काढलेले. बाहेर आल्यावर एका गॅरेजमध्ये कामाला लागला. दोष सिद्ध झाला. शिक्षेवर ऐकून घ्यायची तारीख होती, आधीच्या 235 ची, आता बीएनएसएसच्या 258 ची. मी हजेरीचं पत्र, बँकेचं पासबुक, आयटीआयच्या संध्याकाळच्या कोर्सची पावती असं सगळं लावलं होतं. साहेबांनी ते चाळलं आणि पोराला थेट विचारलं, सध्या काय करतोस. तो एवढंच म्हणाला, गॅरेजला जातो. तेवढ्यात मागे सकाळी 11 पासून उभे असलेले गॅरेजचे मालक पुढे आले, त्यांना मी बोलावलंही नव्हतं. साहेबांनी विचारलं, तुम्हाला माहीत आहे का याच्यावर काय केस आहे. ते म्हणाले, 'माहीत आहे साहेब. गॅरेजची चावी रात्री याच्याकडेच असते.' साहेबांनी ते लिहून घेतलं. निकालपत्रात ते वाक्य आहे. शिक्षा झाली ती भोगलेल्या 7 महिन्यांइतकीच आणि दंड. तो त्या दिवशी बापाच्या स्कूटरवर मागे बसून घरी गेला.

म्हणून तुम्ही फाईल आजपासून करायला घ्या. कॉलेजची हजेरी, दर सेमिस्टरचं मार्कशीट, कॉलेजने काही कारवाई केली असेल तर तीही, लपवू नका. काउन्सेलिंग किंवा उपचार चालू असतील तर तारखांसकट रिपोर्ट. पार्ट टाइम काम असेल तर पगार बँकेत येऊ दे. जामिनाच्या अटीप्रमाणे पोलीस स्टेशनला हजेरी असेल तर एकही चुकवू नका, आणि प्रत्येक हजेरीला डायरीत सही घ्या. सोसायटीच्या सेक्रेटरीचं 'मुलगा सुस्वभावी आहे' असं पत्र आणू नका, त्याला काही वजन नाही. त्याऐवजी ज्याला केस माहीत आहे आणि तरी जो पोरावर विश्वास टाकतोय अशा एका माणसाचं पत्र आणा. पुण्यात जुन्या मित्रांमध्येच राहत असेल तर खोली बदला, भाडेकरार फाईलला लावा. आणि पोराने स्वतः, स्वतःच्या अक्षरात, का विकायला लागला ते लिहावं. हॉस्टेलची उधारी होती, कोणी मोठ्याने दमदाटी केली, की सोपे पैसे वाटले, जे असेल ते. ते लगेच कोर्टात द्यायचं नाही, वकिलाला द्यायचं, कधी वापरायचं ते तो ठरवेल. पण लिहिल्यावर त्या पोरालाच बऱ्याच गोष्टी पहिल्यांदा दिसतात, हे मी खूपदा पाहिलंय.

जे दिवस त्याने आत काढले ते शिक्षेतून वजा होतात, हे माहीत असू द्या. हे वाचणाऱ्यांपैकी कोणाचं पोरगं अजून आतच असेल, जामीनदार मिळत नसेल, तर बीएनएसएसचं 479 बघा. पहिल्यांदाच आरोपी झालेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की कोर्टाने बॉन्डवर सोडायचं असतं, 1 वर्षाच्या गुन्ह्यात तो काळ 4 महिने होतो. मात्र दुसऱ्या केसेस चालू असतील तर हा फायदा मिळत नाही. वकिलाची फी परवडत नसेल तर कोर्टाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, कोठडीतल्या माणसाला तिथे वकील मोफत मिळतो.

नोकरीचं थोडक्यात. फॉर्मवर 'तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे का' असा प्रश्न असेल तर खरं लिहायचं, निर्दोष सुटला तरी. सुप्रीम कोर्टाने 2016 च्या अवतार सिंग निकालात सांगितलंय की किरकोळ गुन्हा आणि तरुण वय असेल तर नोकरी देणारा ते समजून घेऊ शकतो, पण माहिती लपवली तर ती लपवणूकच नोकरी घालवायला पुरेशी ठरू शकते. पासपोर्टसाठी केस चालू असेपर्यंत कोर्टाची परवानगी लागेल, त्याचा अर्ज वेगळा करायचा.

तुमच्या पुढच्या तारखेला तीनच कामं आहेत. चार्जशीटची पूर्ण नक्कल मिळाली का ते बघा, त्यात 52-अ ची कागदपत्रं आणि सीए रिपोर्ट आहे का ते पानं उलटून स्वतः तपासा, आणि लावलेली कलमं एका कोऱ्या कागदावर उतरवून घ्या. त्यात 29 किंवा 27-अ किंवा बाल न्याय कायदा दिसला तर मला कळवा, मग मी वर लिहिलेल्यातलं बरंच बदलेल. नसेल तर त्या दिवशी चार्ज वाचून दाखवल्यावर 'गुन्हा कबूल नाही' एवढं सांगून पुढची तारीख घ्या. आणि भाच्याला स्वतःला सकाळी साडेदहाला कोर्टात हजर ठेवा, पुकारा होईल तेव्हा तो कॅन्टीनमध्ये नसावा.